गणपती २६ला की २७ला? तिथी, दिवस आणि मुहूर्त कसे मोजतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २०२५ साली पुण्यात आईच्या घरच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि न्यू जर्सीत तुमच्या जवळच्या देवळाच्या पत्रकात २६ ऑगस्टला. आई म्हणाली देशातले पंचांग खरे, देवळातले गुरुजी म्हणाले इथले खरे. शिवाय तुम्ही विचारले आहे की एखादी तिथी मधूनच नाहीशी कशी होते, दोन पंचांगांत फरक का पडतो, आणि मोबाइलवर दिसणारे अभिजित, राहुकाळ, चौघडिये यांतले किती धरायचे.

दोन्ही तारखा बरोबर होत्या. आई पुण्यात बरोबर, गुरुजी न्यू जर्सीत बरोबर. हे दोघांची समजूत काढायला म्हणत नाही, खाली गणित करून दाखवतो. मी पौरोहित्य करतो आणि पंचांगाचे गणितही शिकवतो. या विषयातले बहुतेक गोंधळ एकाच जागी उगवतात असे मला सतत दिसते : पंचांगात दोन वेगळी मापे एकत्र नांदतात, आणि हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते.

पहिले माप आकाशातले. चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला आहे, यावरून तिथी ठरते. अमावास्या संपते त्या क्षणी दोघांचे राशिचक्रातले स्थान एकच असते. तिथून चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की शुद्ध प्रतिपदा संपली, २४ अंशांवर द्वितीया संपली, १८० अंशांवर पौर्णिमा आणि ३६० अंश पुरे झाले की पुन्हा अमावास्या. घड्याळाचा मिनिटकाटा तासकाट्याच्या किती पुढे आहे हे पाहावे, तसेच हे. तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात याचा त्यात काही संबंध नाही. चतुर्थी लागण्याचा क्षण पुण्याला, न्यू जर्सीला आणि सिडनीला एकच असतो. त्या क्षणी तिथल्या घड्याळांत वेगवेगळे वाजलेले असतात, एवढेच.

दुसरे माप जमिनीवरचे. आपला दिवस एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत, आणि तो सूर्योदय तुमच्या क्षितिजावरचा. वार याच मापाने चालतो. तारीख रात्री बाराला बदलते, वार सूर्योदयाला. म्हणून मंगळवारी पहाटे तीन वाजता जन्मलेल्या बाळाचा पंचांगातला जन्मवार सोमवार असतो. पत्रिका करताना पालक यावर हमखास वाद घालतात आणि दवाखान्याचा कागद दाखवतात. कागदावरची तारीख बरोबरच असते, पण ती दुसऱ्या हिशेबाची असते.

पंचांगकर्त्याचे काम म्हणजे पहिल्या मापाचे तुकडे दुसऱ्या मापाच्या चौकटीत बसवणे. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल, तिचे नाव त्या दिवसाला द्यायचे. आता एका चांद्रमासात तिथी ३०, पण तो महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची, दिवसापेक्षा जराशी आखूड. त्यात चंद्राची गती सारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ असताना भराभर पुढे जातो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी जेमतेम २० तासांत उरकते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते.

यातून दोन गोष्टी घडतात. एखादी आखूड तिथी सूर्योदयानंतर लागते आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपते. तिला एकही सूर्योदय मिळत नाही, म्हणून कोणत्याही दिवसाला तिचे नाव मिळत नाही. हा क्षय. ती नाहीशी झालेली नसते, त्या दिवसाच्या पोटात पूर्ण होऊन गेलेली असते. उलट लांब तिथीला दोन सूर्योदय मिळाले तर दोन दिवस तेच नाव. ही वृद्धी. आणि हे दर ठिकाणी एकसारखे असेलच असे नाही. पुण्यात क्षय असलेल्या तिथीला न्यू जर्सीत व्यवस्थित सूर्योदय मिळू शकतो.

आता तुमची चतुर्थी घेऊ. २०२५ची भाद्रपद शुद्ध चतुर्थी भारतीय वेळेने २६ ऑगस्टला दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी लागली आणि २७ला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी संपली. पार्थिव गणेशाच्या पूजेला चतुर्थी मध्याह्नी असावी लागते. मध्याह्न म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग करायचे : प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न. यातला तिसरा भाग मध्याह्न. ऑगस्टच्या अखेरीस पुण्यात तो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोनच्या थोडे पुढे एवढा येतो. २६ला हा मध्याह्न उलटता उलटता चतुर्थी लागली. २७ला मात्र सबंध मध्याह्न चतुर्थीत होता. म्हणून पुण्यात २७.

हेच क्षण न्यू जर्सीच्या घड्याळात मांडा. उन्हाळी वेळेनुसार साडेनऊ तास वजा केले की चतुर्थी लागली २६ ऑगस्टला पहाटे ४ वाजून २४ मिनिटांनी, आणि संपली २७ला सकाळी ६ वाजून १४ मिनिटांनी. तिथे त्या दिवशी सूर्य सव्वासहा वाजून गेल्यावर उगवला. म्हणजे २७ला सूर्योदयालाच पंचमी आणि मध्याह्नी तर पंचमीच. चतुर्थीचा मध्याह्न तिथे एकच मिळाला, २६चा. गुरुजींनी पत्रकात छापले ते देशातल्या परंपरेला सोडून नव्हते. आईच्या कॅलेंडरमागे जो नियम आहे, तोच त्यांनी आपल्या क्षितिजाला लावला.

इथे 'उदयतिथी' या शब्दाबद्दल बोलायलाच हवे, कारण तो अर्धाच समजलेला असतो. सूर्योदयाची तिथी दिवसभर धरायची, हा दिवसाला नाव देण्याचा नियम आहे. सणाला आणि व्रताला तो सरसकट लागू होत नाही. प्रत्येक व्रताचा स्वतःचा कर्मकाळ, म्हणजे ते कर्म करण्याची ठरलेली वेळ, असतो आणि त्या कर्मकाळी तिथी हजर हवी. रामनवमी मध्याह्नी. दसरा अपराह्णी. महाशिवरात्र आणि गोकुळाष्टमी निशीथकाळी, म्हणजे रात्रीचे पंधरा भाग केले तर त्यातल्या आठव्यात. संकष्टीला तर सूर्योदयाचे काहीच चालत नाही, चंद्रोदयाला चतुर्थी आहे का एवढेच पाहायचे. म्हणून संकष्टी कधीकधी कॅलेंडरात तृतीयेच्या दिवशी छापलेली दिसते आणि लोक छपाईची चूक समजतात. चूक नसते.

एकादशीची तर वेगळीच कसोटी आहे. सूर्योदयापूर्वी चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली असे वैष्णव मानतात आणि दुसऱ्या दिवशी उपवास करतात. स्मार्त मंडळी सूर्योदयाची एकादशी धरतात. कॅलेंडरात 'स्मार्त एकादशी' आणि 'भागवत एकादशी' असे लागोपाठ दोन दिवस येतात ते याचमुळे. वारकरी भागवत एकादशी धरतात.

हे सगळे निर्णय पंचांगकर्त्याने मनाने करायचे नसतात. महाराष्ट्रात त्यासाठी मुख्यतः दोन ग्रंथ चालतात : कमलाकर भट्टांचा निर्णयसिंधु, जो १६१२ साली काशीत पूर्ण झाला, आणि काशीनाथशास्त्री उपाध्याय यांचा धर्मसिंधु, जो १७९०च्या सुमाराला पंढरपुरात झाला. काशीनाथशास्त्री मूळचे कोकणातल्या गोळवलीचे, बाबा पाध्ये म्हणून ओळखले जाणारे. तिथी दोन दिवस कर्मकाळाला स्पर्श करते तेव्हा काय करायचे, एकही दिवस करत नाही तेव्हा काय, थोडा स्पर्श आणि पूर्ण व्याप्ती यांत कुणाला मान द्यायचा, ही सगळी प्रकरणे त्यांत सोडवलेली आहेत. मला धर्मसिंधु विशेष आवडतो, कारण तो खंडनमंडनात न रमता सामान्य गृहस्थाला पटकन उत्तर देतो.

तरीही वाद होतात. २०२४चे लक्ष्मीपूजन घ्या. आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या आत लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला संपली. लक्ष्मीपूजनाचा काळ प्रदोष, म्हणजे सूर्यास्तानंतरचा. ३१ला सगळा प्रदोष अमावास्येत. १ नोव्हेंबरला महाराष्ट्रात सूर्य सहाच्या पुढे मावळला, म्हणजे अमावास्या सूर्यास्तानंतर थोडा वेळच शिल्लक. काशीच्या विद्वानांनी ३१ ऑक्टोबर दिला. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असे धर्मसिंधु सांगतो, आणि आपल्याकडच्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. त्या दिवसांत फोनवर मला एकच प्रश्न येत होता, 'नक्की कोणता?' माझे उत्तर होते : आपण ज्या परंपरेत आहात तिचा निर्णय पाळा, दुसऱ्याचा चुकीचा म्हणू नका. दोन्हीकडे आकाशाचे गणित एकच होते. किती स्पर्श पुरेसा मानायचा, यावर मतभेद होता. आणि अमेरिकेत हा वाद उद्भवलाच नाही. न्यू जर्सीत अमावास्या १ नोव्हेंबरला सकाळी पावणेनऊला संपली, त्यामुळे तिथे प्रदोष एकच, ३१चा.

पंचांगा-पंचांगांत फरक का, याला मात्र तीन निरनिराळी कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत.

पहिले अगदी किरकोळ. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय म्हणायचा, की बिंबाचा मध्य क्षितिजावर आला की? आपल्या अक्षांशावर, वातावरणाने होणारे किरणांचे वक्रीभवन धरून, यात तीनचार मिनिटांचा फरक पडतो. शिवाय छापील पंचांग एका गावासाठी केलेले असते. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांचे अंतर आहे, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे. म्हणजे मुंबईतला सूर्योदय नागपूरच्या मानाने सुमारे २५ मिनिटे उशिरा. संकष्टीला नागपूरची मंडळी जेवून उठतात तेव्हा मुंबईकर अजून चंद्राची वाट पाहत असतात.

दुसरे कारण गणिताच्या जुन्या-नव्या पद्धतीचे. महाराष्ट्रातली जुनी पंचांगे ग्रहलाघवावरून होत. हा ग्रंथ कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०मध्ये रचला, आणि त्यात त्यांनी ज्या-कोटिज्येची, म्हणजे साइन-कोसाइनची, कटकट टाळून सोप्या आकडेमोडीने ग्रह काढायची युक्ती दिली. गावोगावचे जोशी पाटीवर पंचांग करू शकले ते त्या ग्रंथामुळे. गणेश दैवज्ञांविषयी मला फार आदर आहे. पण जुन्या पद्धतीत चंद्राचा एकच मोठा संस्कार, म्हणजे गणितातली दुरुस्ती, होता. अमावास्या-पौर्णिमेला तो जवळजवळ पुरा पडतो, म्हणून ग्रहणे बऱ्यापैकी जमत. अष्टमीच्या आसपास मात्र चंद्राच्या जागेत अडीच अंशांपर्यंत चूक राहते, म्हणजे तिथी चारपाच तासांनी सरकते. जुने लोक 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत : तिथी ६० घटिकांपेक्षा जास्तीत जास्त ५ने वाढते आणि ६ने घटते. प्रत्यक्ष आकाशाशी ताडलेले, म्हणजे दृक् गणिताचे माप आहे 'सप्तवृद्धी दशक्षय', म्हणजे ६७ घटिकांपर्यंत वाढ आणि ५०पर्यंत घट. एवढ्या एका फरकावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. केरूनाना छत्रे यांनी १८६५च्या सुमाराला नव्या गणिताचे पटवर्धनी पंचांग काढले, तेव्हा धर्म बुडाल्यासारखी ओरड झाली. आज जवळजवळ सगळी मान्य मराठी पंचांगे दृक् गणिताची आहेत. माझ्या मते हे फार योग्य झाले. जो चंद्र डोळ्यांना दिसतो त्याच्याशी पंचांग जुळायलाच हवे.

तिसरे कारण अयनांशाचे, आणि ते सर्वांत खोल आहे. राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठून धरायची? ती सुरुवात वसंतसंपातापासून जितकी दूर, तेवढा अयनांश. चित्रा तारा १८० अंशांवर ठेवायचा, हा चित्रापक्ष. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५५च्या अहवालात हाच स्वीकारला आणि आज तो अयनांश सुमारे २४ अंश आहे. रेवतीच्या ताऱ्यापासून मोजायचे, हा रैवतपक्ष. लोकमान्य टिळकांचा या पक्षाला पाठिंबा होता आणि त्यांच्या नावाचे टिळक पंचांग त्यावर चालते. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे.

आता एक गोष्ट नीट पाहा. तिथी म्हणजे चंद्र वजा सूर्य. दोन्हीतून तोच अयनांश वजा केला तर वजाबाकी बदलत नाही, म्हणून तिथी आणि तिचा अर्धा भाग जो करण, ते दोन्ही पक्षांत तंतोतंत सारखे. नक्षत्र मात्र एकट्या चंद्राच्या जागेवरून ठरते, दर १३ अंश २० कलांना एक. चार अंश सरकले की त्याचा समाप्तिकाळ सुमारे सात तासांनी हलतो. संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीतला प्रवेश, चार दिवसांनी हलते, म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. आणि संक्रांत हलली की अधिक महिना हलू शकतो. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलत नाही तो अधिक, असा नियम आहे. शके १९४८चा अधिक ज्येष्ठ पाहा, १७ मे ते १५ जून २०२६. सूर्य १५ मेला वृषभेत गेला, अमावास्या १६च्या मध्यरात्रीनंतर संपली. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला संपते आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दुपारी. चार-साडेचार तासांच्या फरकाने तो महिना अधिक ठरला. संक्रांत चार दिवस आधी धरली, तर हा हिशेबच वेगळा होतो. काही वर्षी टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो, तो यामुळेच. अधिक महिना नसता तर चांद्रवर्ष दरसाल सुमारे ११ दिवस मागे पडत गेले असते आणि दिवाळी पावसाळ्यात आली असती.

क्वचित उलटेही होते. एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि क्षयमास धरावा लागतो, म्हणजे एका महिन्याचे नाव गळते. १९६३-६४ आणि १९८२-८३ला असे झाले. मधले अंतर १९ वर्षांचे, नाहीतर १४१.

मुहूर्ताकडे येऊ. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिका २४ मिनिटांची, तिची ६० पळे, पळ २४ सेकंदांचे. दोन घटिकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा, असे दिवसाचे पंधरा आणि रात्रीचे पंधरा. पूर्वी लग्नघरी तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत येऊन ते २४ मिनिटांनी बुडे. त्यावर नजर ठेवायला एक माणूस बसवलेला असे, आणि मंगलाष्टके त्याच्या इशाऱ्यावर आवरती घेत.

४८ मिनिटे ही सरासरी झाली. प्रत्यक्ष दिवसाचा मुहूर्त म्हणजे दिनमानाचा, सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा, पंधरावा भाग. मुंबईत दिनमान हिवाळ्यात ११ तासांच्या आसपास आणि उन्हाळ्यात सव्वातेरापर्यंत, म्हणजे मुहूर्त ४४ ते ५३ मिनिटांचा. लंडनला जूनमध्ये दिनमान साडेसोळा तासांच्या वर, तिथला मुहूर्त ६६ मिनिटांचा आणि डिसेंबरमध्ये जेमतेम ३१चा. अभिजित हा दिवसाचा आठवा, बरोबर मधला मुहूर्त. तो 'दुपारी बाराच्या आगेमागे' असे सर्रास सांगतात, पण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि मुंबई तिच्या जवळपास दहा अंश पश्चिमेला. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२३च्या सुमाराला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ला. अभिजित या क्षणाच्या दोन्ही बाजूंना वीसपंचवीस मिनिटे. बाराला संकल्प सोडून 'अभिजितावर केले' म्हणणारे फेब्रुवारीत चक्क आधीच्या मुहूर्तात बसलेले असतात.

राहुकाळाचीही हीच गत. दिनमानाचे आठ भाग करायचे आणि वारानुसार एक भाग सोडायचा : सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. 'सोमवारी साडेसात ते नऊ' हे कोष्टक सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या सूर्याचे आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा सोमवारचा राहुकाळ साडेआठच्या सुमाराला सुरू होऊन दहाच्या जरा आधी संपतो. हा प्रघात मुळात दक्षिणेकडचा. चौघडिये, म्हणजे दिवसाचे आणि रात्रीचे आठ-आठ शुभाशुभ भाग, गुजरात-मारवाडकडून आले. महाराष्ट्रातल्या जुन्या पौरोहित्यात या दोहोंना फारसे स्थान नव्हते. पाळायचे तर पाळा, पण स्थानिक सूर्योदयावरून काढून पाळा. आणि एखाद्याला दवाखान्यात न्यायचे असताना राहुकाळ पाहू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

लग्नाचा मुहूर्त ही चाळणी मोठ्या भोकांपासून लहान भोकांकडे जाते. आधी काळ वगळायचा : चातुर्मास, अधिक महिना, पितृपक्ष, गुरू किंवा शुक्र अस्तंगत असतानाचे दिवस. मग तिथी : चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता, आणि अमावास्या. मग विष्टी करण, म्हणजे भद्रा, आणि व्यतीपात, वैधृती हे योग. उरलेल्या दिवसांतून विवाहाची अकरा नक्षत्रे पाहायची : रोहिणी, मृग, मघा, उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तराभाद्रपदा, रेवती. मग वधूवरांचे चंद्रबळ, गुरुबळ. एवढ्यावर छापील पंचांगाचे काम संपते आणि पुरोहिताचे सुरू होते, कारण आता उगवती रास पाहायची. पूर्व क्षितिजावर एका अहोरात्रात बारा राशी उगवतात, पण सारख्या वेळात नाही. आपल्या अक्षांशावर काही राशी पावणेदोन तासांच्या आतच उगवून होतात, काहींना सव्वादोन तास लागतात. मुहूर्ताची वेळ '११ वाजून ४७ मिनिटे' अशी विचित्र दिसते ती त्यामुळे. पत्रिकेत छापलेली ती वेळ गावाची असते. पुण्याचा मुहूर्त जसाच्या तसा उचलून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या हॉलमध्ये लावला, तर रास निराळीच उगवत असते.

सगळ्या चाळण्यांतून दिवस राहत नाहीत, किंवा सुट्टी मिळत नाही, अशी वेळ येतेच. त्यासाठी काढीव मुहूर्त आहेत, गौण काळ आहेत, पंचांगांत चातुर्मासातले आपत्कालीन मुहूर्तही छापतात. ती पळवाट नव्हे. शास्त्रकारांनीच अडलेल्या माणसाचा विचार केलेला आहे. साडेतीन मुहूर्तही त्यातलेच : गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तीन आणि बलिप्रतिपदेचा अर्धा. त्या दिवशी नवे काम, खरेदी, गृहप्रवेश यांना वेगळी शुद्धी पाहावी लागत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो : मुहूर्त काढून घेतला असेल तर अक्षता त्याच मिनिटाला पडू द्या. छायाचित्रासाठी पाऊण तास थांबायचे असेल, तर आधीच सांगा, मी पाऊण तास पुढचा शोधून देतो.

तुमच्यासाठी आता करण्यासारखे. तुमच्या शहराचा सूर्योदय-सूर्यास्त घेऊन केलेले पंचांग वापरा. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये शहर बदलता येते, ते बदला आणि उन्हाळी वेळ धरली आहे का ते तपासा. निर्णयाची परंपरा घरची ठेवा, म्हणजे अमान्त, अमावास्येला संपणारे, महिने आणि धर्मसिंधु. नाहीतर उत्तरेकडच्या अ‍ॅपमध्ये महाशिवरात्र माघ वद्याऐवजी फाल्गुन कृष्णात दिसेल आणि उगीच घाबराल. दिवस तोच असतो, महिन्याचे नाव वेगळे. मंडळाचा गणेशोत्सव शनिवार-रविवारी झाला तर खुशाल जा, तो उत्सव आहे. घरची प्राणप्रतिष्ठा मात्र तिथल्या मध्याह्नीच्या चतुर्थीला करा.

आणि श्राद्धाचे, जे तुम्ही विचारलेले नाही पण परदेशातल्या बहुतेकांना कधी ना कधी विचारावे लागते. वडील भारतात गेले आणि मुलगा अमेरिकेत, तर तिथी कोणती? मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी पहिल्या मापातली आहे, ती जगभर एकच. न्यू जर्सीत त्या वेळी तारीख आदली असली तरी तिथी तीच, तिच्यात फेरफार करू नका. दरवर्षी श्राद्ध करताना दुसरे माप लागते : तुम्ही जिथे आहात तिथल्या अपराह्णी, म्हणजे दिनमानाच्या चौथ्या भागात, ती तिथी ज्या दिवशी असेल तो दिवस. पुण्यातल्या भावाचा दिवस आणि तुमचा दिवस एखाद्या वर्षी वेगळा आला, तर दोघांनीही आपापल्या दिवशी करावे.